मामाची मुलगी चालते, आत्याची का नाही? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

या वेळी समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांवर प्रश्न मागवले होते. भरपूर आले आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न लग्नाभोवती फिरत होते. त्यातले पाच इथे घेतलेत, बाकीचे पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : ताई, मी लातूरला बीए फर्स्ट इयरला आहे. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र घेतलंय, पुढे यूपीएससीला मानवशास्त्र ऑप्शनल घ्यायचा विचार आहे. पण कुठलंही पुस्तक उघडलं की तेच दिसतं, कुटुंब, धर्म, जात, सत्ता. मग हे तीन विषय वेगळे कशाला केलेत?

तुला जे दिसलं ते बरोबरच आहे. या विषयांमधल्या हद्दी बऱ्याचशा इतिहासाने पाडल्यात. युरोपात एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, शहरं वाढली, गावातली माणसं अनोळखी गर्दीत राहायला लागली, त्यातून जे प्रश्न उभे राहिले ते समाजशास्त्राकडे गेले. त्याच काळात साम्राज्यं पसरत होती, मग आफ्रिकेतली, पॅसिफिकच्या बेटांवरची, आपल्याकडच्या डोंगराळ भागातली माणसं मानवशास्त्राच्या वाट्याला आली. म्हणजे स्वतःचा समाज एका खात्यात आणि ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांचा दुसऱ्या खात्यात. राज्यशास्त्र या दोन्हींपेक्षा खूप जुनं, राज्य कोणी करावं आणि लोकांनी ते का मानावं हे प्रश्न ॲरिस्टॉटल आणि कौटिल्याच्या काळापासून चालत आलेत.

आपल्याकडे ही वाटणी टिकलीच नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, १९२४ पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला. घुर्ये मालवणचे. केंब्रिजमध्ये ते शिकले रिव्हर्स यांच्याकडे, म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञाकडे, आणि मुंबईत येऊन शिकवलं समाजशास्त्र. त्यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. रा. देसाई असे पुढे नावाजलेले अभ्यासक आहेत. इरावतीबाईंनी तर डोक्याच्या कवट्यांची मोजमापं घेण्यापासून कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांच्या पाहणीपर्यंत सगळं केलं, त्यांना कुठल्या एका खान्यात बसवायचं?

तरी अभ्यासाला बसताना फरक लक्षात ठेवायचाच असेल तर उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आण. मानवशास्त्रवाला त्या रांगेत महिनोन्महिने उभा राहील, कोण कोणाला पुढे जाऊ देतं, भांडण कुठल्या शब्दावरून पेटतं, कोणाची घागर आधी भरली जाते हे बघेल. समाजशास्त्रवाला पन्नास गावांची माहिती जमवेल आणि टँकर कुठल्या वस्तीपाशी थांबतो, कुठल्या वस्तीला लांब चालत यावं लागतं याचा नियम सापडतो का ते तपासेल. राज्यशास्त्रवाला विचारेल की टँकर द्यायचं ठरवलं कोणी, कंत्राट कोणाला गेलं आणि लोक हे ऐकून का घेतात. चांगला अभ्यासक तिन्ही करतो. आणि ऑप्शनलचं म्हणशील तर निर्णय घेण्याआधी सिलॅबस नीट बघ, मानवशास्त्रात उत्क्रांती, जीवाश्म, आनुवंशिकता असा जीवशास्त्राचा मोठा भाग असतो, तो आवडत नसेल तर जड जाईल.

प्रश्न : मी कोल्हापूरची. माझी आई तिच्या सख्ख्या आत्याच्या घरात सून म्हणून आली. आमच्याकडे मुलासाठी मामाची मुलगी बघायला सगळे एका पायावर तयार असतात, पण आत्याच्या मुलीचं नाव काढलं की नको म्हणतात. ऑफिसमध्ये लखनौची एक हिंदू मैत्रीण आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं बहिणीशी लग्न कसं करतात? आमच्यात बरोबर आहे की त्यांच्यात?

दोन्हीकडे बरोबर आहे, आणि हेच समजून घेण्यासारखं आहे. बहीण कोणाला म्हणायचं हे रक्त ठरवत नाही, समाज ठरवतो. चुलत, मावस, आते, मामे ही चारही भावंडं रक्ताने तेवढीच जवळची असतात. पण जगातल्या बऱ्याच समाजांनी त्यांचे दोन गट पाडलेत. दोन भावांची किंवा दोन बहिणींची मुलं, म्हणजे चुलत आणि मावस, ती सख्ख्यासारखी. आणि एका भावाची आणि एका बहिणीची मुलं, म्हणजे आते-मामे, त्यांच्यात लग्न चालतं, कुठे कुठे ते व्हावंच अशी अपेक्षा असते. अरब समाजांत उलटं, तिथे चुलत बहीण ही पसंतीची नवरी. तेव्हा निसर्गाने अमुक नातं वर्ज्य केलंय असं जे आपण ठामपणे बोलतो ना, ते नकाशावर थोडं सरकलं की बदलतं.

भारताचा हा नकाशा इरावती कर्व्यांनी १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात मांडला. उत्तरेत सर्वसाधारणपणे हिंदूंमध्ये जवळच्या नात्यात लग्न नाही, गोत्र टाळायचं, बऱ्याच भागात आपलं गावसुद्धा टाळायचं, मुलगी लांब द्यायची. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीला धक्का बसणं अगदी साहजिक आहे. दक्षिणेत बऱ्याच समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची चालते, सख्ख्या बहिणीची मुलगीही चालते. आणि आपण मधे. मराठा, कुणबी आणि इतर कितीतरी समाजांत मामाची मुलगी पसंत पण आत्याची मुलगी बहुतेक ठिकाणी टाळतात. देशस्थांत मामेबहीण चालायची, कोकणस्थांत नाही. एकाच राज्यात, कधी एकाच गल्लीत इतके वेगळे नियम आहेत.

आता आत्याची मुलगी का नको? तुमच्या आईचंच उदाहरण घ्या. तिची आत्या ज्या घरात गेली त्याच घरात एका पिढीने ती गेली. म्हणजे एका घराने मुली द्यायच्या, दुसऱ्याने करून घ्यायच्या, आणि दिशा एकच. आता आपल्याकडे मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं आणि मुलाकडच्यांनी मान घ्यायचा ही पद्धत किती खोल गेलीय ते कुठल्याही लग्नाच्या बैठकीत दिसतं. त्यात आत्याची मुलगी सून म्हणून आली तर काल ज्यांच्यापुढे वाकलो ते आज आपल्यापुढे वाकणार, मग मान कोणाचा हा घोळ होतो. तो नको म्हणून वाट एकेरी ठेवली. साटंलोटं करतात तिथे हा नियम मोडला जातोच, पण तिथे दोन्हीकडचा खर्च वाचवणं हा हिशोब जास्त महत्त्वाचा ठरतो. आणि हे किती जुनं असेल याचा पुरावा घरातल्या हाकांमध्येच आहे, गावाकडे सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामा किंवा मामंजी म्हणतात, नातं नसलं तरी.

याची दुसरी बाजू मला सांगावीशी वाटते कारण पुस्तकात ती बहुधा एका ओळीत उरकतात. सासू आत्याच असल्यामुळे मुलीला जाच कमी होतो असं म्हणतात, आणि पुष्कळ घरांत ते खरंही असेल. पण सासरी काही बिघडलं तर या मुलीने जायचं कुठे? तिच्या बापाला भांडायचं तर स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी भांडावं लागणार, आजीला मुलगी आणि नात यांच्यात निवड करावी लागणार, आणि बहुतेक वेळा सगळे मिळून पोरीलाच गप्प बसवतात. म्हणून नात्यातलं लग्न चांगलं की वाईट हे विचारताना त्या मुलीला नाही म्हणायची सोय होती का, हे आधी विचारा.

कायद्याचंही सांगते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीची मुलं, म्हणजे आते-मामे भावंडं, वर्ज्य नात्यांच्या यादीत टाकली आहेत, पण दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर परवानगीही ठेवली आहे, म्हणून तुमच्याकडची अशी लग्नं कायदेशीर ठरतात. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात लग्नं झाली असतील तर मूल होण्याआधी डॉक्टरांशी आनुवंशिक आजारांबद्दल जरूर बोला, कारण दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता अशा जोडप्यात वाढते.

प्रश्न : पुण्यात आयटी कंपनीत आहे. आमच्या टीममध्ये कोणी कोणाची जात विचारत नाही, सगळे एकत्र डबा खातो. मग समाजशास्त्रवाले अजून जातीवरच का लिहीत बसतात? मला तर वाटतं राजकारण्यांनीच जात जिवंत ठेवलीय.

एकत्र डबा खाता हे खरंच मोठं आहे, ते सहज मिळालेलं नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायला माणसांना मोर्चा काढून जावं लागलं होतं आणि त्यानंतर मार खावा लागला होता. पण डबा ही जातीची खरी परीक्षा आहे का, हा प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्याही आधी विचारून ठेवलाय. ९ मे १९१६, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर या मानवशास्त्रज्ञाचा सेमिनार, आणि पंचवीस वर्षांचे आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचतायत. विद्यार्थीच होते तेव्हा ते. मला विचाराल तर या विषयाची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही, आणि आपल्या कॉलेजांमध्ये तो पहिल्याच वर्षी वाचून घेत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांनी आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या घेतल्या, त्यात आपले श्रीधर व्यंकटेश केतकरही होते, पुढे ज्ञानकोश करणारे. कोणी म्हणत होतं की विटाळ ही जातीची खूण, कोणी म्हणत होतं एकमेकांकडे न जेवणं ही खूण. आंबेडकर म्हणाले की या सगळ्या नंतरच्या गोष्टी, मूळ खूण एकच, जातीच्या आतच लग्न. ती काढली तर जात उरत नाही. आणि मग त्यांनी जो पुढचा प्रश्न विचारला तो थक्क करणारा आहे. समजा एका गटाने ठरवलं की आपल्या बाहेर लग्न करायचं नाही. मग लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या कायम जुळती ठेवावी लागेल, नाहीतर कोणीतरी बाहेर जाणारच. पण माणसं तर मरतात. नवरा मेला तर विधवा उरते, तिने गटातल्या दुसऱ्या पुरुषाशी लग्न केलं तर एका कुमारिकेचा नवरा कमी होतो, गटाबाहेर केलं तर भिंत पडते. मग तिचं करायचं काय? एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर आयुष्यभर विधवा ठेवून सक्तीने बंधनात जगवायचं. आणि बायको मेलेला पुरुष? तो गटाला कामाचा, त्याला जाळत नाहीत, त्याला गटात टिकवायचं तर अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा वेगवेगळ्या वाईट चाली नव्हत्या, जातीची भिंत उभी ठेवायची ती साधनं होती. त्यांचा धर्माने जो गौरव केला तो नंतर, गरज आधी.

म्हणजे बाईवर ताबा ठेवल्याशिवाय जात चालत नाही, हे १९१६ मध्ये सांगून झालंय. शिवाय ते म्हणाले की जाती एकट्या मनूने किंवा कोणा एकाने वरून लादल्या नाहीत, वरच्या गटाने दार लावून घेतलं, काहींनी ते पाहून आपलंही लावलं आणि काहींना दारं आपल्यासाठी बंद झालेली आढळली.

आता तुमच्या टीमकडे परत या. डब्याचं सोडा, लग्नाचं बघा. मॅट्रिमोनी साइटवर प्रोफाइल टाकताना कुठला कॉलम घरच्यांनी भरायला लावला? ज्यांची लव्ह मॅरेज झाली त्यांच्यातल्या कोणाच्या घरी सहा महिने अबोला होता, आणि का? दिवसा ऑफिसात जी दिसत नाही ती संध्याकाळी घरच्या फोनवर असते. आणि जिथे बोलून भागत नाही तिथे गोष्ट मारहाणीपर्यंत किंवा वाळीत टाकण्यापर्यंत जाते. आंतरजातीय लग्न केलं म्हणून जातपंचायतींनी कुटुंबाला वाळीत टाकायचे प्रकार आपल्याकडे इतके झाले की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू आहे.

राजकारण्यांचं म्हणाल तर ते जातीचा वापर करतात यात वादच नाही. घुर्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या एका गावावर लिहिताना १९५५ मध्येच व्होट बँक हा शब्द वापरला होता. पण राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९७० मध्ये जे मांडलं ते मला जास्त पटतं, की राजकारण जातीत शिरतं तेव्हा जातही बदलते, तिच्या संघटना होतात, मागण्या होतात, खालच्या मानल्या गेलेल्यांना संख्येचं बळ कळतं. नेत्याला माणसं जमवायची असतात आणि जातीचं जाळं आयतं मिळतं. पण ते जाळं विणलं जातं कुठे? लग्नाच्या बैठकीत. जातीतल्या जातीत लग्नं थांबली तर दोन पिढ्यांत कुठल्याही पक्षाला जातीची बेरीज करता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. आमच्या सरपंच बाई फक्त सह्या करतात, मिटिंगला त्यांचे मिस्टर बसतात आणि लोक त्यांनाच सरपंच म्हणतात. मग महिला आरक्षणाचा काय उपयोग झाला?

तुमच्या गावात मॅक्स वेबरचा एक सिद्धांत चालता-बोलता दिसतोय. वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ, १९२० मध्ये वारला. तो म्हणायचा की सत्ता म्हणजे समोरच्याचा विरोध असतानाही आपलं म्हणणं पुढे रेटता येणं, पण नुसत्या जोरावर कोणी फार काळ राज्य करत नाही, लोकांना ते रास्त वाटावं लागतं. आणि रास्त वाटायची कारणं तीन : पूर्वापार चालत आलंय म्हणून, त्या माणसात काही विलक्षण आहे असं वाटतं म्हणून, किंवा कायद्याने त्या पदाला अधिकार दिलाय म्हणून. तुमच्याकडे तिसऱ्या प्रकारचा अधिकार बाईंकडे आहे आणि पहिल्या प्रकारचा त्यांच्या नवऱ्याकडे, आणि दोन्ही एकाच घरात राहतात. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण वाढवून एकूण जागांच्या निम्मं केलं. कायदा असा एका तारखेला बदलतो, पारावरची सवय तेवढ्या वेगाने बदलत नाही.

पण उपयोग झाला नाही असं म्हणू नका. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आरक्षण कुठल्या गावाला पडणार हे चिठ्ठीसारखं ठरत असल्यामुळे तुलना सरळ करता येत होती. जिथे बाई प्रमुख होती तिथे बायकांच्या मागण्यांवर, मुख्यतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त काम झालेलं दिसलं. पुढे २०१२ मध्ये बंगालमधल्याच दुसऱ्या अभ्यासात असं आढळलं की जिथे दोन टर्म बाई प्रमुख होती तिथे मुलींच्या शिक्षणाबद्दल आईबापांच्या अपेक्षा वाढल्या. आणि आपल्याकडे तर आरक्षणाच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने काही गावांत सगळ्या बायकांची पॅनल उभी केली होती, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये तशी पंचायत निवडूनही आली.

तुम्ही सदस्य आहात म्हणजे तुमच्या हातातही काही आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे, ती कागदावर न उरकता खरोखर भरवायला लावा, तिथे मिस्टरांना यायचं कारणच नाही आणि अध्यक्षपद सरपंच बाईंकडेच राहील. मासिक सभेत सदस्य नसलेला माणूस खुर्चीत बसला तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. चेकवर त्यांची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (आधीचे ग्रामसेवक) सही लागते, तर सही करण्याआधी रक्कम आणि काम मोठ्याने वाचून दाखवा एवढी मागणी तुम्ही करू शकता. सुरुवातीला बाईच तुमच्यावर चिडतील कदाचित, कारण त्यांना रात्री त्याच घरात परत जायचंय. तेव्हा हे त्यांच्या विरोधात नाही हे त्यांना आधी एकटीला गाठून सांगा.

प्रश्न : एमए करतोय. आजोबांच्या गावात राहून प्रोजेक्ट करायचाय, फील्डवर्क नक्की कसं सुरू करायचं?

फील्डवर्क म्हणजे लोकांमध्ये राहून केलेला अभ्यास. मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर लोकांमध्ये तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि तेव्हापासून मानवशास्त्रात तीच पद्धत रूढ झाली. पण १९६७ मध्ये त्याची खाजगी डायरी छापली गेली आणि ज्या लोकांबद्दल तो इतक्या समजुतीने लिहायचा त्यांच्याबद्दल त्याच्या मनात किती तिटकारा उसळायचा तेही बाहेर आलं. त्यातून एक गोष्ट घे, स्वतःचा राग, कंटाळा, लाज यांची वेगळी वही ठेव, म्हणजे ते तुझ्या निष्कर्षांत नकळत शिरणार नाही.

सुरुवात वंशावळीपासून कर. वयस्कर माणसाजवळ बस, कोण कोणाचा कोण, कुठून मुली आणल्या, कुठे दिल्या हे काढत जा, घुर्यांच्या गुरूंची, रिव्हर्सची पद्धत हीच होती. लग्नांच्या गावांची यादी झाली की जमीन, भाऊबंदकी आणि राजकारण आपोआप बोलण्यात येतं. तुझं आजोबांचं गाव असल्यामुळे एक अडचण येईल, तू कोणाचा नातू हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुझ्या आळीतले मोकळे बोलतील आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतले तुला आदराने चहा देतील पण बोलणार नाहीत. तिथे जास्त दिवस घालव, आजोबांबरोबर जाऊ नकोस, आणि काय लिहितोयस ते सांगून परवानगी घे. नाव छापायचं नाही असा शब्द दिला असेल तर तो पाळायचाच, गाईडने आग्रह केला तरी.

नोंदी त्याच रात्री लिही, सकाळपर्यंत माणसाचे नेमके शब्द विसरतात. आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेव. श्रीनिवासांनी १९४८ मध्ये रामपुरा गावात राहून केलेल्या नोंदींवर जी वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती ती १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली, पुढचं पुस्तक त्यांनी आठवणीतून लिहिलं. तुझ्याकडे मोबाइल आहे, रोज झोपण्याआधी पानांचे फोटो काढून बहिणीला पाठवून दे.